चार सेकंदांचा हात

सिनेमावाले आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.
बेचोच्या खोऱ्यात तोवर इतक्या तारा, इतके दिवे
कुणी आणले नव्हते.
शाळेची पुढची भिंत त्यांनी आकाशी रंगवली,
मागची तशीच ठेवली; ती दिसणार नव्हती.

गोष्ट अशी होती: शहरातून एक तरुण शिक्षिका येते,
एका हट्टी मुलाला माणसात आणते,
आणि बर्फ पडायला लागलं की बसमध्ये बसून निघून जाते.
मुलं बसमागे धावतात.
आम्ही अकरा वेळा धावलो.
रडू येईना म्हणून एका चष्मेवाल्याने
आमच्या मुठींत कांद्याच्या फोडी दिल्या.

आमच्या खऱ्या बाई तेव्हा कुंपणापाशी
ओंडक्यावर बसून वह्या तपासत होत्या.
त्सिउरी मार्गियानी. आम्ही नुसतं 'मास' म्हणायचो,
आमच्याकडे सगळीच मुलं शिक्षकांना म्हणतात तसं.
त्या कुठून आल्या नव्हत्या, कुठे जाणारही नव्हत्या.
कुणाला माणसात आणल्याचं ऐकिवात नाही.
सकाळी प्रत्येकाच्या हातातलं लाकूड बघायच्या,
ओलं असलं तर परत पाठवायच्या,
लाकडालाही आणि आपल्यालाही.
घरी आम्ही स्वान बोलायचो,
जॉर्जियन फक्त वर्गात, शेगडीच्या धगीत.
चुकलं तर त्या ओरडायच्या नाहीत.
खडू खाली ठेवायच्या
आणि थांबायच्या.
ते थांबणं वाईट.

नटीचं अक्षर भयंकर निघालं,
फळ्यावर नुसत्या मुंग्या.
दिग्दर्शकाने चिडून इकडेतिकडे पाहिलं,
मग कुंपणाकडे.
नटीचा करडा कोट बाईंच्या अंगावर चढला;
कोट कसला, कॅमेऱ्यापुरती एक बाही.
कागदावर वाक्य लिहून दिलं होतं:
बर्फ वितळलं वाट मोकळी झाली.
बाईंनी एकदा वाचलं. खडू उचलला.
बर्फ वितळलं,
इथे जराशा थांबल्या,
वाट मोकळी झाली.
कुणाच्या काही लक्षात आलं नाही.
दिवे विझले, तारा गुंडाळल्या गेल्या.

सतराव्या वर्षी त्याच रस्त्याने, तसल्याच बसने
मी खरोखर निघालो.
मागे कुणी धावलं नाही.
शाळेच्या धुराड्यातून धूर येत होता,
म्हणजे दुसरा तास चालू असावा.

कुताइसीहून मी त्यांना पत्रं लिहायचो,
कारखान्याबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल,
मग एका मुलीबद्दल.
उत्तर म्हणून माझंच पत्र परत यायचं,
लाल शाईने तपासलेलं.
मुलीबद्दलच्या पत्रात सात चुका होत्या.
समासात शेरा: विशेषणं कमी कर. लग्न कर.

तो सिनेमा अजून लागतो कधीमधी, रात्री उशिरा.
बायको बसच्या प्रसंगाला दरवेळी रडते,
तिला कांद्याचं सांगितलंय तरी.
मी एक्केचाळिसाव्या मिनिटाला उठून
पडद्याच्या अगदी जवळ जातो.
करडी बाही. शेगडीला भाजलेला अंगठा.
खडूचा तुकडा. तो स्वल्पविराम.
चार सेकंद.
मग पुन्हा नटीचा चेहरा,
आणि मुलांचं सगळं प्रेम त्याच्यावर.

गेल्या हिवाळ्यात पाठवलेलं पत्र
मार्चमध्ये परत आलं.
पाकिटावर शेजारणीच्या अक्षरात दोन शब्द.
फोडलेलंच नव्हतं. मीच फोडलं.
एकही लाल खूण नाही.
दुसऱ्या ओळीत मुद्दाम
एक स्वल्पविराम गाळून ठेवला होता मी,
त्यांना सापडावा म्हणून.

परवा लाल पेन घेऊन बसलो होतो.
खाली ठेवलं.
थांबलो.